पूल क्यूच्या फोरआर्ममध्ये गाभा भरणे: बारा इंच भोक सरळ कसं काढायचं आणि गाभा कोणत्या लाकडाचा?

गोदाकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घरच्या लेथवर पूलचे क्यू, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळाच्या काठ्या, बनवतो. आजवर क्यूच्या मागच्या जाड अर्ध्याचे (बटाचे) फोरआर्म (पुढचा), हँडल (पकडीचा) आणि बट स्लीव्ह (बुडाचा) हे तिन्ही भाग सलग लाकडाचे घेऊन आत स्क्रू टाकून जोडत आलो. पण आता हाताशी असं लाकूड आलंय की ते सलग वापरणं मला पटत नाही. जुन्या नाशकातला एक वाडा उतरवला, त्याचं लाकूड वखारीत आलं होतं. त्यात शिसवीच्या खांबाचा एक तुकडा मिळाला. रंग जवळजवळ जांभळा, मधून काळ्या रेघा आणि एका बाजूला गाठीभोवती फिरलेली नक्षी. ही नक्षी बटाच्या पुढच्या भागात, म्हणजे फोरआर्मवर दिसावी असं फार मनात आहे. अडचण अशी की जिथे नक्षी देखणी तिथेच लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, वाकडी, आणि वाकड्या रेषेचा दांडा आज ना उद्या बाक घेतोच.

म्हणून गाभा भरायचं ठरवतोय. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: लाकडाच्या गोल तुकड्याला लांबीभर आरपार भोक पाडायचं, त्यात सरळ रेषेच्या लाकडाचा दांडा चिकटवायचा आणि मग बाहेरून क्यूचा उतार काढायचा. डोळ्यांना दिसतं ते नक्षीचं लाकूड, फटका सोसतो तो गाभा.

आता प्रश्न. फोरआर्म साधारण बारा इंची. एवढं लांब भोक सरळ जाणार कसं? साधं लांब ड्रिल घातलं की ते रेषेच्या मागे पळतं. भोक सहा सूत घ्यावं की पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग)? हार्ड मेपल हे परदेशी लाकूड इथे सहज मिळत नाही, तर गाभ्याला दुसरं काय चालेल? आणि चिकटवायला काय वापरावं?

सविस्तर लिहा, मला घाई नाही.


सातपूरकर

भोकाचं मी सांगतो, लाकडाचं बाकीचे जाणकार सांगतील.

तुम्हाला लागणारं हत्यार म्हणजे गन ड्रिल. बंदुकीच्या नळ्यांसाठी निघालेलं, आता जिथे जिथे धातूत खोल भोक पाडायचं तिथे चालतं. आपल्या सातपूर-अंबडच्या पट्ट्यात गाड्यांचे भाग बनवणाऱ्या शॉपमध्ये चौकशी केलीत तर बघायलाही मिळेल आणि धार लावून देणारेही भेटतील.

ते सरळ का जातं हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं. साध्या ट्विस्ट ड्रिलला दोन धारा असतात आणि दोन्ही बाजूंनी सारखं कापलं गेलं तरच ते सरळ राहतं. लाकडात एका बाजूला कठीण रेषा आणि दुसऱ्या बाजूला मऊ रेषा आली की ते मऊ बाजूला सरकतं. गन ड्रिलला धार एकच. त्यामुळे कापताना ड्रिल सतत धारेच्या उलट बाजूला ढकललं जातं, आणि त्या बाजूला टोकाचा घोटीव गोल भाग भोकाच्या भिंतीला टेकून राहतो. म्हणजे आत्ताच कापलेलं भोक हाच पुढच्या कापाचा आधार. रेषा वाकडी असली तरी ड्रिल आपली वाट सोडत नाही.

पण याचा दुसरा अर्थ असा की सुरुवात तिरकी तर शेवटपर्यंत तिरकं. म्हणून सुरुवातीचं इंच-दीड इंच भोक बोरिंग बारने, म्हणजे भोक आतून कापून मोठं करणाऱ्या लेथच्या हत्याराने, करा. बोरिंग बार नेहमी लेथवरच्या तुकड्याच्या फिरण्याच्या अक्षाभोवतीच कापतो, त्यामुळे ते भोक खरं येतं. त्याचं माप ड्रिलच्या मापाला इतकं जुळतं हवं की ड्रिल हाताने सरकेल पण डुगडुगणार नाही. इथे ढिलाई राहिली तर पुढे कितीही जपलं तरी उपयोग नाही.

लाकूड फिरवा, ड्रिल स्थिर ठेवा. उलट केलं, म्हणजे ड्रिल फिरवून थांबलेल्या लाकडात घातलं, तर एकदा भरकटलेलं टोक भरकटतच जातं. लाकूड फिरत असेल तर केंद्रापासून सुटलेल्या टोकाला प्रत्येक फेऱ्यात परत केंद्राकडे आणणारा जोर मिळतो. दोन्ही उलट दिशांनी फिरवणं सगळ्यात चांगलं, पण बारा इंचांच्या लाकडाला त्याची गरज नाही.

आणि हवा. धातूत गन ड्रिलच्या पोटातून तेल सोडतात, लाकडात कॉम्प्रेसरची हवा सोडायची. ती टोकाशी बाहेर पडते आणि ड्रिलच्या अंगावरच्या व्ही खाचेतून भुसा मागे फेकते. दाब १०० पीएसआयच्या आसपास पुरतो. खरी अडचण दाबाची नसते, हवा सलग पुरण्याची असते. लहान टाकीचा कॉम्प्रेसर मधेच दमतो, तेव्हा थांबत थांबत काम करा. मागून येणारा भुसा थांबला की लगेच ड्रिल बाहेर काढा. शिसवी तेलकट असते. अडकलेला भुसा तापून चिकट होतो, भोकाची भिंत जळून गुळगुळीत होते, आणि जळलेल्या भिंतीवर कुठलाही डिंक नीट धरत नाही.

तुमचं लाकूड वाड्याचं आहे म्हणून एक वेगळं सांगतो. खांबात जुने खिळे मोडून राहिलेले असतात आणि वरून दिसत नाहीत. गन ड्रिलच्या टोकाला कार्बाइड (फार कठीण पण ठिसूळ धातूमिश्रण) असतं आणि एक खिळा ते तोडायला पुरेसा आहे. भोक पाडण्याआधी तुकडा चारही बाजूंनी चांगल्या चुंबकाने किंवा मेटल डिटेक्टरने तपासा. लाकडावर कुठे निळसर-काळा डाग दिसला तर तिथे लोखंड असण्याची शक्यता जास्त.


स्नूकरप्रेमी

वाचतोय. सातपूरकर, एक धार असूनही सरळ का जातं हे पहिल्यांदा नीट कळलं.


खरादी

सातपूरकरांशी पूर्ण सहमत. त्यात माझी एकच भर, पण माझ्या मते सगळ्या कामाचं मूळ तिथे आहे.

भोक लाकडाच्या मध्यावर येईल का, ही काळजी सोडून द्या. आधी भोक पाडा आणि मग लाकूड भोकाच्या मध्यावर आणा.

म्हणजे असं. तुकडा क्यूच्या मापापेक्षा बराच जाड ठेवा, दीड इंचाच्या चौकोनातून जेवढा गोल निघेल तेवढा. लांबीलाही दोन्हीकडे थोडं जास्त. भोक पाडा. मग भोकाच्या दोन्ही तोंडांत नेमके बसणारे पितळी किंवा नायलॉनचे बूच बसवा. बुचांच्या मध्यावर सेंटरचं छिद्र हवं. आता तो तुकडा लेथवर दोन सेंटरमध्ये (दोन्हीकडच्या अणकुचीदार टोकांत) धरा आणि बाहेरून खरादा. भोक पलीकडे मिलिमीटरभर बाजूला निघालं असलं तरी बाहेरचा गोल आता भोकाभोवतीच तयार होतो. इथून पुढे भोक हाच पाया, सगळी मापं तिथूनच घ्यायची.

तिरकं पण सरळ भोक असं सुधारता येतं. सुधारत नाही ते बाकदार भोक, म्हणजे मधेच वळलेलं. ते ओळखायला एक ग्राउंड बार (घासून अचूक सरळ केलेली पोलादी सळई) घ्या, भोकापेक्षा किंचित बारीक, आणि पूर्ण लांबीभर सरकवून बघा. मधे कुठे अडला तर तो तुकडा लहान कापून बट स्लीव्हला वापरा, फोरआर्मला नको.

बऱ्याच जणांना मी बघतो, आधी बाहेरून सुंदर गोल काढतात आणि मग चकमध्ये धरून भोक पाडतात. तिथून पुढे सगळी धडपड भोक मध्यावर राहावं यासाठी चालते. क्रम उलटा केला की तेच काम शांतपणे होतं.

भोक पाडल्यावर लाकूड लगेच चिकटवायला घेऊ नका. आतलं लाकूड निघालं की त्यातला ताण मोकळा होतो आणि तुकडा थोडा हलतो. त्याला काही आठवडे उभा टांगून ठेवा, मग परत बूच लावून हलका हात फिरवा.


नवशिका नाशिकरोड

सहा सूत की पाच सूत याचं उत्तर राहिलं. मी मापं मांडून बघतो, चुकलं तर सांगा.

जॉइंटपाशी, म्हणजे जिथे क्यूचा पुढचा बारीक दांडा फोरआर्मला जोडतात तिथे, क्यू साधारण ०.८५० इंच, म्हणजे २१.६ मिमी. सहा सुताचा गाभा १९.०५ मिमी. वजा करून दोनने भागलं तर बाहेरच्या लाकडाची भिंत उरते जेमतेम १.३ मिमी. पाच सुताचा गाभा घेतला, म्हणजे १५.९ मिमी, तर भिंत सुमारे २.९ मिमी.

१.३ मिमी म्हणजे फारच पातळ नाही का?


खरादी

हिशेब बरोबर आहे आणि शंकाही. जॉइंटच्या टोकाला सहा सूत मला पातळ वाटतं, विशेषतः गाठीच्या नक्षीच्या लाकडात. पॉलिशच्या वेळी सँडिंगमध्ये अजून थोडं जातं. शिवाय जॉइंटचा पिन बसवताना टोकावर जोर येतो. बरेच कारागीर सहा सूत सर्रास वापरतात आणि सरळ रेषेच्या लाकडात ते टिकतंही. पण तुमच्या तुकड्याला मी पाच सूत सांगेन.

मागच्या टोकाला, जिथे फोरआर्म हँडलला मिळतो, तिथे क्यू २६-२७ मिमी असतो. तिथे सहा सुताचा गाभा घेतला तरी पावणेचार मिमीची भिंत राहते. म्हणून मधला मार्ग आहे तो पायरीच्या गाभ्याचा: आरपार पाच सूत, आणि मागून पाच-सहा इंच बोरिंग बारने सहा सुतापर्यंत वाढवायचं. गाभ्याचा दांडाही तसाच पायरीचा खरादायचा. काम वाढतं, पण जोडाला ताकद मिळते. वर आणखी एक फायदा: गाभा मागे इंच-दोन इंच बाहेर ठेवला की तोच हँडलमध्ये जाणारा खुंटा होतो. त्यावर आटे पाडून हँडलमध्ये चिकटवा. लाकडातून लाकडात जोड. धातूचा स्क्रू टाळता येतो किंवा आखूड घेता येतो.


सिडकोकर

माझा मूळ प्रश्न. गाभा का भरायचा, याचं कारण फक्त बाक टाळणं एवढंच का? मी ऐकलंय की वजनासाठी भरतात.


नवशिका नाशिकरोड

दोन्ही. वजनाचा हिशेब करून बघितला. सहा सूत जाड आणि बारा इंच लांब दांड्याचं घनफळ भरतं सुमारे ८७ घनसेंमी. कोकोबोलो हे परदेशी लाकूड पाण्यापेक्षाही जड, घनता १.१ च्या आसपास. म्हणजे तेवढ्या भागाचं वजन ९५ ग्रॅम. त्याजागी हार्ड मेपल, घनता ०.७, की ६१ ग्रॅम. फोरआर्म एकटाच ३४ ग्रॅमने, म्हणजे सव्वा औंसाला थोडा कमी एवढा हलका झाला. पूलचा क्यू १८ ते २१ औंसांत बसवायचा असतो, तिथे हा फरक मोठा आहे. अख्ख्या २९ इंची बटात असाच गाभा घातला तर फरक ८० ग्रॅमच्या पुढे जातो.

आपल्या शिसवीची घनता ०.८३ धरली तर फरक अकरा ग्रॅमचा, अर्ध्या औंसाहूनही कमी. म्हणजे गोदाकाठींना वजनासाठी गाभ्याची गरज नाही, सरळपणासाठीच आहे.


खरादी

आणि म्हणूनच सांगतो, प्रत्येक क्यूला गाभा भरू नका. सरळ रेषेची, मुरलेली शिसवी असेल तर ती सलगच उत्तम. गाभा म्हणजे एक जास्तीचा चिकटजोड लांबीभर. तो निर्दोष जमला तरच फायदा.


स्नूकरप्रेमी

इथे स्नूकरवाल्यांच्या बाजूने एक भर घालतो, कारण आपल्याकडे क्लबांत पूलपेक्षा स्नूकरचे क्यू जास्त पिढ्या वापरले गेलेत. हाताने जोडलेल्या जुन्या पद्धतीच्या स्नूकर क्यूमध्ये ॲश या परदेशी लाकडाचा दांडा टोकापासून जवळजवळ बुडापर्यंत सलग जातो. त्याला चार बाजूंनी तासून तिरके उतार काढतात, त्यावर आबनुसाचे चार तुकडे चिकटवतात आणि मग गोल करतात. बाहेरून काळा दिसणारा बट आतून ॲशचाच असतो.

म्हणजे सरळ लाकूड आत आणि जड, देखणं लाकूड बाहेर, ही कल्पना तीच. फक्त त्यांनी भोक न पाडता बाहेरून तुकडे चढवले. गाभ्याला कुठलं लाकूड, या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं: ॲश. लांब, सरळ रेषा, धक्का सोसण्याची ताकद. हातोड्याचे दांडे त्याचेच करतात. आयात लाकडाचे व्यापारी फर्निचरसाठी ॲश ठेवतात, मेपलपेक्षा ते मिळणं सोपं.


सिन्नरकर

मी वेगळं मत मांडतो. आपल्याकडे सागवान असताना ॲश कशाला? गाभ्याकडून आपली पहिली अपेक्षा आहे की त्याने हलू नये. ओल्यातून कोरडं होताना हार्ड मेपल रुंदीत ९.९ टक्के आकसतं, बीच (हेही परदेशी लाकूड) जवळजवळ १२ टक्के, आणि सागवान फक्त ५.३ टक्के. ताठपणा बघाल तर सागवान १२.३ गिगापास्कल आणि मेपल १२.६, म्हणजे जवळपास सारखे. वाड्यातलंच जुनं सागवान घेतलं तर ते तर कित्येक पावसाळे पचवून बसलेलं असतं. बीचचा दांडा स्वस्त मिळतो म्हणून गाभ्याला घालणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, तेवढं करू नका.


खरादी

बीचबद्दल शंभर टक्के सहमत. सागवानाबद्दल तुमचे आकडे बरोबर आहेत, पण मी तरी घेणार नाही. सागवानात सिलिका असते, हत्यारांची धार पटकन जाते आणि दांडा शेवटच्या थाउपर्यंत (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सारखा खरादणं अवघड होतं. तेल असतं, त्यामुळे चिकटजोडाच्या दोन्ही बाजू तेलकट, एकीकडे शिसवी आणि एकीकडे साग. आणि धक्क्याच्या कामाला साग थोडा ठिसूळ. कुऱ्हाडीला कोणी सागाचा दांडा घालत नाही.

धावडा सुचवतील कोणी, म्हणून आधीच लिहितो. ताकद आणि लवचिकपणा अफाट, कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच, पण सुकताना फार तडकतो. चांगला मुरलेला, सरळ, बिनचिरेचा धावडा हाती लागला तर जरूर करून बघण्यासारखा आहे. वखारीत तसा सहज दिसत नाही.


सिन्नरकर

धार जाते हे मान्य. कार्बाइडच्या हत्याराने ते जमतं. तेलाचं म्हणाल तर ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवलं तर जोड धरतो. ठिसूळपणाबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. हँडलचा गाभा सागाचा आणि फोरआर्मचा ॲशचा, असं कोणी करून बघावं. हँडलवर फटक्याचा ताण कमी असतो.


इंदिरानगरची

चिकटवण्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही आणि माझ्या मते निम्मे गाभे तिथेच बिघडतात, म्हणून सविस्तर लिहिते.

फेव्हिकॉल किंवा कुठलाही पाण्यातला पांढरा डिंक नको. दांडा आणि भोक यांत फट अगदी कमी असते. पाण्याने दांडा फुगतो आणि अर्ध्या वाटेत अडकतो, मग तो पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. शिवाय आतलं पाणी सुकायला वाट नाही.

दोन भागांचं, सावकाश घट्ट होणारं एपॉक्सी घ्या. साधं अरल्डाइट चालतं. पाच मिनिटांत धरणारं घेऊ नका, बारा इंच सरकवेपर्यंत ते संपतं. काही जण फुगणारा पॉलियुरेथेन डिंक वापरतात. तो फट भरतो हे खरं, पण भरतो तो फेसाने, आणि फेसाला ताकद नसते. फुगताना दांडा बाहेर ढकलतो ते वेगळंच.

दांडा भोकापेक्षा पाच ते आठ थाउने बारीक ठेवा, म्हणजे ०.१३ ते ०.२ मिमी. कोरडा घालून बघताना तो स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरला पाहिजे. धपकन पडला तर फट जास्त, ढकलावा लागला तर कमी. कमी फट जास्त चांगली असं वाटतं, पण एपॉक्सीला थर म्हणून थोडी जागा लागते. घट्ट बसवलं की सगळं एपॉक्सी खरवडून बाहेर येतं आणि आत कोरडे पट्टे राहतात.

दांड्यावर लेथनेच उथळ आटे पाडा, फार खोल नाही, नुसती फिरती खाच. ढकलताना हवा आणि जास्तीचं एपॉक्सी त्या खाचेतून बाहेर येतं. ही खाच नसेल तर हवा आत दबते आणि दांडा सोडला की तो मागे सरकतो. भोक एका बाजूने बंद असेल तर दांड्याच्या मध्यातून एक बारीक आरपार छिद्रही हवं.

शिसवीच्या भोकाची भिंत ॲसिटोनने पुसा. काठीला पांढरं फडकं गुंडाळून आत फिरवा, फडक्यावर जांभळा रंग यायचा जवळजवळ थांबेपर्यंत. ॲसिटोन उडून गेलं की लगेच चिकटवा, दुसऱ्या दिवसावर टाकलं तर आतलं तेल परत वर येतं. भोकाच्या भिंतीला आणि दांड्याला, दोन्हीकडे एपॉक्सी लावा. दांडा फिरवत फिरवत आत सोडा. पूर्ण गेल्यावर एकदा अर्धा मागे ओढून परत घाला, कोरडे पट्टे राहिले असतील तर भरतात. मग उभं ठेवा, खालच्या तोंडाला टेप लावा.

हवेचंही बघा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे, विशेषतः निफाडच्या बाजूला, एपॉक्सी मधासारखं दाट होतं. बाटल्या कोमट पाण्यात ठेवून घ्या. मे महिन्यात उलट, वाटीत जास्त वेळ राहिलं तर स्वतःच्या उष्णतेने तापून पटकन धरतं. पसरट ताटलीत काढा.

दुसऱ्या दिवशी कडक लागलं तरी खरादायची घाई नको. निदान आठवडाभर तसंच राहू द्या.


गोदाकाठी

काय लिहिलंय! वाचनखूण साठवली. एक विचारतो: आत कोरडा पट्टा राहिला असेल तर बाहेरून कळतं का?


इंदिरानगरची

आवाजावरून कळतं. तुकडा एका टोकाशी दोन बोटांत सैल धरून लोंबकळू द्या आणि लांबीभर टिचक्या मारत जा. जोड भरलेला असेल तर सगळीकडे एकच स्वच्छ टणत्कार येतो. कुठे आवाज बसका किंवा किरकिरा आला तर तिथे पोकळी आहे. तयार क्यूत अशी पोकळी राहिली की फटक्यावेळी दांड्यात गुणगुण येते आणि मग ती काढायला काही उपाय राहत नाही. म्हणून जॉइंट बसवण्याआधीच ही परीक्षा घ्या.


अंबडचा फिटर

गन ड्रिल प्रत्येकाला परवडेल असं नाही. ज्यांच्याकडे फक्त राउटर (लाकडात खाच पाडायचं यंत्र) आहे त्यांच्यासाठी दुसरी वाट. तुकडा लांबीत मधोमध चिरा, दोन्ही आतल्या बाजू रंध्याने सपाट करा, प्रत्येकात अर्धगोल बिटाने खाच पाडा आणि दोन्ही अर्धुकं दांड्याभोवती चिकटवा. भोक सरळच येणार, कारण खाच फेन्सच्या, म्हणजे सरळ पट्टीच्या, आधाराने पडते. तोटा असा की दोन बाजूंना जोडरेघ येते आणि चिरताना करवतीच्या पात्याएवढी नक्षी जाते. सरळ रेषेच्या लाकडात रेघ लपते, गाठीच्या नक्षीत लपत नाही. हँडलवर चामडं किंवा दोरा गुंडाळणार असाल तर मात्र ही पद्धत बिनधास्त वापरा.

लांब ऑगर बिट वापरणाऱ्यांना एक विनंती. त्याच्या टोकाला जो स्क्रू असतो तो लाकूड ओढत पुढे जातो आणि रेषेमागे हमखास पळतो. तो स्क्रू घासून काढा किंवा ते बिट वापरूच नका.


सिडकोकर

फोरआर्मवर टोकदार पॉइंट (शोभेसाठी व्ही खाचेत बसवलेले वेगळ्या लाकडाचे तुकडे) बसवायचे असतील तर? व्ही खाच गाभ्यापर्यंत जाईल ना?


खरादी

जाईल, आणि जाऊ द्यावी. आधी गाभा भरून पक्का होऊ द्या, नंतर खाच पाडा. पॉइंटचा पाया मागे हँडलकडे असतो, तिथे खाच सर्वांत खोल जाते आणि गाभ्यात शिरते. पॉइंटचं लाकूड मग बाहेरच्या नळीला आणि गाभ्याला दोघांनाही धरून बसतं. टोकाकडे खाच उथळ होत जाते, तिथे ती नळीतच संपते. पण खाच पाडताना चिकटजोडाची रेघ उघडी पडते आणि तिच्यात पोकळी असेल तर तिथेच दिसते. त्यामुळे इंदिरानगरच्या ताईंनी सांगितलेली टिचकीची परीक्षा आधी.

गोदाकाठींना माझा सल्ला: हा पहिला क्यू पॉइंटशिवाय करा. तुमच्या लाकडाची नक्षीच पुरेशी आहे.


सातपूरकर

एक तब्येतीचं. शिसवी, सागवान आणि कोकोबोलो यांचा भुसा कातडीला आणि श्वासाला त्रास देतो, काहींना तर थोड्या संपर्कानेही ॲलर्जी होते. गन ड्रिलमध्ये हवा सोडता तेव्हा हाच भुसा जोराने मागे, म्हणजे थेट तुमच्या तोंडाकडे येतो. नुसता रुमाल पुरत नाही. चांगला एन-९५ मास्क, चष्मा, आणि ड्रिलच्या मागे व्हॅक्यूमचं तोंड बांधा.


गोदाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. मी असं ठरवतोय: ॲशचा गाभा, पाच सूत आरपार, मागून सहा सुताची पायरी, अरल्डाइट. लाकूड तपासून आता भोक पाडून घेतो, ॲश मिळाला की लगेच चिकटवतो.


खरादी

बाकी सगळं बरोबर, पण ॲश मिळाला की लगेच नको. तुमची शिसवी वाड्यात वर्षानुवर्षं नाशिकच्या हवेत राहिलेली आहे. ॲश परदेशात भट्टीत सुकवलेला येतो, मग मुंबईच्या दमट गोदामात राहतो. दोघांतला ओलावा वेगळा असणार. जॉइंटपाशी बाहेरची नळी तीन मिमीचीही नाही. गाभा जास्त कोरडा असताना चिकटवला तर पहिल्या पावसाळ्यात तो फुगेल आणि आतून नळीवर ताण देईल. गाभा जास्त ओला असेल तर उन्हाळ्यात तो आकसेल आणि जोड सोडायला बघेल. एपॉक्सी कितीही चांगलं असलं तरी हा ताण ते पुसून टाकत नाही.

म्हणून ॲश आणला की आधी दांडा सहा सुतापेक्षा जाडच खरादा, आणि शिसवीचा भोक पाडलेला तुकडा व तो दांडा एकाच खोलीत शेजारी शेजारी उभे टांगा. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर दोघांचा आकडा एक-दीड टक्क्याच्या आत येईपर्यंत थांबा. यंत्र नसेल तर दोघांचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. वजन बदलायचं थांबलं की लाकूड हवेशी जुळलं. त्यानंतर दांडा शेवटच्या मापाला खरादा आणि त्याच दिवशी चिकटवा.

ऐन पावसाळ्यात चिकटवू नका आणि एप्रिल-मेच्या कोरड्यातही नको. दिवाळीनंतरचे दिवस मला बरे वाटतात, हवा मधली असते. उतार काढतानाही एका दमात शेवटच्या मापाला जाऊ नका. दर वेळी थोडंच लाकूड काढा, परत टांगा, परत सेंटरवर धरून डायल (बाक मोजणारं काट्याचं मापक) लावा. डायलचा काटा मागच्या वेळेइतकाच हलला तर पुढचा हात फिरवा. जास्त हलला तर अजून थांबा.


गोदाकाठी

समजलं. मग ॲश या महिन्यात आणून ठेवतो आणि चिकटवणं दिवाळीनंतर. तोवर दोन्हीची वजनं इथेच लिहीत जाईन.


सिन्नरकर

त्याच खोलीत सागाचा एक दांडाही टांगा की. त्याचंही वजन कळेल.


गोदाकाठी

टांगतो. वाड्याच्याच लाकडातला सरळ तुकडा आहे माझ्याकडे.